हंडी पुसायचं कातडं

"बाबा, तुम्ही मला जाऊ का देत नाही?" दिलावरनं तिसऱ्यांदा विचारलं.

उरूस तोंडावर आला होता. दर्ग्यातल्या दिव्यांच्या काचेच्या हंड्या धुऊन ओट्यावर मांडल्या होत्या. त्या पुसायचं काम दर्ग्याचे फकीर नूरशाबाबा कधी कुणाला देत नसत. सकाळीच निरोप आला होता, दिलावरच्या धाकट्या बहिणीचा, जुबेदाचा, नवरा गेला म्हणून.

"जाऊन काय करशील?"

"धीर देईन. तुमच्यापाशी येऊन सात वर्षं झाली बाबा, माझ्या डोळ्यांत टिपूस आलेलं नाही. निरोप ऐकला, तरी मन हललं नाही. तिथं सगळे रडत असणार. एक तरी माणूस खंबीर नको?"

बोलताना गड्याची छाती जरा फुगलीच.

"बरं. तेवढी एक हंडी पूस, मग बघू."

दोरीवर शेळीचं मऊ कातडं वाळून कोरडं झालं होतं. दिलावरनं ते ओढलं आणि जोर लावून हंडी पुसली. पाणी नुसतं इकडचं तिकडे झालं. काचेवर ओघळ तसेच.

बाबा गालात हसले. कातडं त्यांनी बादलीत बुडवलं, घट्ट पिळलं आणि हंडीवरून हलकेच फिरवलं. काच लख्ख झाली.

"पाणी टिपायचंय, आणि आधी कातडंच भिजवायचं?" दिलावरनं विचारलं.

बाबांनी दुसरी हंडी पुढं ओढली.

"मेहुणा कसा होता रे तुझा?"

"चांगला होता."

"चांगला म्हणजे?"

"दर उरुसाला यायचा. माझ्यासाठी चपला आणायचा. माप कधी विचारलं नाही, पण... बरोबर बसायच्या."

"आणि यंदा?"

"यंदा..."

दिलावर ओट्यावर मटकन बसला आणि हुंदके देऊन रडला. बाबा त्याच्याजवळ सरकले. पोटच्या पोरासारखी माया केली होती त्याच्यावर. त्याला असं बघताना त्यांचेही डोळे भरून आले.

बऱ्याच वेळानं दिलावर म्हणाला, "आता कसा जाऊ, बाबा? कोणत्या तोंडानं तिला धीर देऊ?"

डोळे पुसायला त्यानं बाही वर केली. बाबांनी त्याचा हात धरला.

"राहू दे, बेटा. असाच जा."