केतकीच्या पाठीवरची पिसे

एका राज्यात अमोघसेन नावाचा राजा होता आणि त्याची आज्ञा कोणी मोडत नसे. 'थांब' म्हटले की वारा थांबे, 'वळ' म्हटले की नदी वळे. मोडत असे ती एकटी त्याची लेक केतकी. सात वर्षांची पोर. 'बस' म्हटले की उभी राही, 'ये' म्हटले की पळे आणि 'गप्प' म्हटले की अशी किंचाळे की घुमटावरचे पारवे उडून शेजारच्या राज्यात जात. मग राजा दरडावी, पोर हातातली वाटी भिंतीवर मारी आणि राणी चारुमती हळूच तिच्या तोंडात लाडू कोंबी, की बाई एकदाची शांत हो. दरबारी म्हणत, द्वाड आहे. दासी म्हणत, अवदसा आहे. एवढ्याशा पोरीला अवदसा म्हणणाऱ्या जिभेला काय म्हणावे, ते तुम्हीच ठरवा.

एके सकाळी न्हाऊ घालताना राणीला केतकीच्या पाठीवर एक पीस दिसले. करडे, बोटभर. उपटू गेली तर पोर कळवळली. त्या दिवशी जितक्यांदा तिला कोणी टाकून बोलले, तितकी नवी पिसे फुटली. म्हाताऱ्या राजवैद्याने पाठ पाहिली आणि मान खाली घातली. तो म्हणाला, "महाराज, याच राजवाड्यात असे एकदा झाले आहे. पिसे गळ्यापर्यंत आली की मूल उडून चेटकिणीच्या रानात जाते."

राजाला आठवले. त्याला एक थोरला भाऊ होता, पुष्करसेन. भारी दांडगा, भारी हसरा. एके दिवशी तो जेवायला आला नाही, दुसऱ्या दिवशी त्याचे पान मांडले नाही आणि पुढे त्याचे नावही कोणी घेतले नाही. धाकट्या अमोघसेनाने तेव्हा विचारले नव्हते. विचारायची त्या घरात रीतच नव्हती.

राजाने पिसांना आज्ञा केली, "गळून पडा." वारा ऐके, नदी ऐके, पण पिसांनी ऐकले नाही. तेव्हा तो घाबरला आणि एकटाच चेटकिणीच्या रानात गेला.

त्या रानातली पाखरे माणसांच्या आवाजात बोलत. प्रत्येकाला एकच वाक्य येई. एक म्हणे, "हात लावू नकोस." दुसरे म्हणे, "बघ, तो शेजारचा कसा शहाणा." एक एवढीशी चिमणी मोठ्या बाईच्या आवाजात म्हणत होती, "तू जन्मालाच का आलीस." वरच्या वाळक्या फांदीवर एक म्हातारे करडे पाखरू होते. ते म्हणाले, "चालता हो माझ्या डोळ्यांसमोरून."

तो आवाज राजाच्या वडिलांचा होता.

"दादा?" राजाने हाक मारली. पाखराने मान वळवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले. त्याला दुसरे येत नव्हते.

झाडाखाली चेटकीण दाणे पाखडत बसली होती. राजा म्हणाला, "माझ्या मुलीवरचा शाप काढ."

"मी शाप देत नाही, राजा. ज्या मुलांना घरात जागा उरत नाही, त्यांना मी फांदी देते."

"पण ती माझे ऐकत का नाही? वारासुद्धा ऐकतो."

"वाऱ्याला तुझ्याकडून काही नको असते. तिला हवे आहे."

मग तिने तीन व्रते सांगितली. पहिले, रोज दिवेलागणीआधी तिच्या खेळात जा, खेळ तिचा आणि हुकूमही तिचा. दुसरे, आज्ञा थोड्या दे, पण दिलेली मागे घेऊ नकोस, आणि तिने ऐकले तर तसे तोंडाने सांग. तिसरे व्रत लहान होते. ती सगळ्यांत वाईट वागेल त्या दिवशी तिला घालवू नकोस आणि तिच्यापुढे नमूही नकोस. राजा परत निघाला, तेव्हा ते करडे पाखरू अंतर राखून मागे मागे आले आणि राजवाड्याच्या घुमटावर बसले.

पहिल्याच दिवशी केतकीने राजाला हत्ती केले. तो रांगू लागला आणि सवयीने म्हणाला, "हत्ती असा नव्हे, असा चालतो." तत्क्षणी एक पीस फुटले. त्यानंतर राजाने जीभ चावली ती कायमची. तो हत्ती झाला, चोर झाला, एकदा नुसता दगड झाला. एके संध्याकाळी तिने विचारले, "उद्यापण याल, बाबा?" "येईन," राजा म्हणाला.

दुसरे व्रत त्याला अधिक जड गेले. आज्ञा पाळल्याबद्दल कोणाला बरे म्हणायचे असते, हे त्याच्या गावीच नव्हते. पोरीने चपला जागेवर ठेवल्या तेव्हा तो चाचरत म्हणाला, "ठेवल्यास. बरे वाटले मला." केतकीने संशयाने पाहिले, चपला उचलल्या आणि पुन्हा ठेवून दाखवल्या. राणीनेही लाडवांचा डबा बंद केला, आता लाडू जेवणानंतर सगळ्यांना मिळे. नवी पिसे फुटेनाशी झाली, पण जुनी गळत नव्हती.

मग परराज्याचे पाहुणे आले आणि त्यांच्या सरबराईत राजा खेळायला जायचे विसरला. भर दरबारात केतकी आली. तिने चवरी ओढून काचेच्या हंडीवर फेकली आणि हंडी खळकन फुटली. दरबाराने एकदम "द्वाड" म्हटले आणि पिसे सरसरत तिच्या गळ्याखाली आली. राजा ताडकन उठला. एक वाक्य त्याच्या जिभेवर आयते तयार होते.

तेवढ्यात घुमटावरून पाखरू म्हणाले, "चालता हो माझ्या डोळ्यांसमोरून."

आपल्या जिभेवरचे वाक्य राजाने बाहेरून ऐकले आणि तोंड मिटले. सिंहासनावरून उतरून तो काचांपलीकडे जमिनीवर बसला. राणीचा हात डब्याकडे गेला आणि थांबला.

"तुम्ही जा," केतकी ओरडली. "मला नको तुम्ही."

"मी जाणार नाही. तुलाही पाठवणार नाही."

"मग मी अजून फोडीन."

"फोडू देणार नाही. आणि या काचा आपल्याला उचलायच्या आहेत. मी उचलतो, तू टोपली धर."

पोर रडली, तिने लाथा झाडल्या, ती पुन्हा रडली. पाहुण्यांची पाने निवून गेली. राजा बसून राहिला. शेवटी ती इतकी हळू बोलली की त्याला वाकून ऐकावे लागले. "तुम्ही आला नाहीत. मला वाटलं, संपलं."

"चुकलो मी," राजा म्हणाला. असे तो जन्मात कोणाला म्हणाला नव्हता.

केतकीने टोपली धरली. काच टोपलीत पडे आणि पीस जमिनीवर पडे. टोपली भरली तेव्हा पाठ स्वच्छ झाली होती.

तिने वर पाहिले. "बाबा, ते कोण?"

"तुझे काका."

"मग खाली का येत नाहीत?"

"त्यांना कोणी 'या' म्हटले नाही."

तेव्हा ज्या आवाजाने पारवे उडत, त्याच आवाजात केतकीने हाक मारली, "काका, जेवायला या."

पाखरू उतरले. दाराशी येईतो त्याची पिसे झडली आणि उंबऱ्यावर एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा राहिला. राजाने स्वतः पाट मांडला. पुष्करसेन बसला. बोलायला त्याने तोंड उघडले, "चालता", आणि थांबला. पुष्कळ वेळ ओठ हलवत राहिला. मग म्हणाला, "मीठ वाढ जरा."

राजाने मीठ वाढले.

केतकी त्यानंतरही न्हायला चल म्हटले की "नाही" म्हणे, पण पीस पुन्हा फुटले नाही. आणि त्या राज्यात तेव्हापासून पाने मांडताना एक पान जास्त मांडतात आणि घरातले सगळ्यांत दांडगे मूल दारात जाऊन 'जेवायला या' अशी हाक मारते. चेटकिणीच्या रानात आता नुसत्या फांद्या आहेत.