यंत्राचा दम

तालुक्याचं एक गाव होतं. त्या गावात टायपिंग शिकवणारे एक मास्तर होते. त्र्यंबक देशमाने त्यांचं नाव. गावातल्या कचेऱ्यांत खुर्चीवर बसलेली निम्मी माणसं त्यांच्याच हाताखालून गेलेली. मास्तर केबिनमध्ये शिरले की साहेबसुद्धा नकळत पाठ सरळ करून बसायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण ताठ म्हणजे किती ताठ!

मास्तरांचे नियम दोन. पहिला, 'यंत्राचा दम ओळखून हात चालवा.' हा जुन्या टाइपरायटरच्या काळातला. त्या यंत्रावर हात फार पळवला तर अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकायच्या आणि सगळंच थांबायचं. म्हणून एक दांडी खाली बसली की मगच दुसरी उठवायची. नियम शहाणपणाचा होता.

दुसरा नियम भिंतीवर तांबड्या रंगात लिहिलेला. 'हात सुधारा. यंत्राला नावं ठेवू नका.' आता हेही काही खोटं नव्हे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारी मंडळी कुठं नसतात? पण मास्तरांनी त्याचा अतिरेक केला. कुणी म्हटलं, 'सर, हे बटण नीट चालत नाही,' की त्याला पानभर एकच वाक्य टाइप करायला लावायचे, 'दोष माझ्या हाताचा आहे.' तेही त्याच बिघडलेल्या बटणावर! चार-दोन वर्षांत सगळे शहाणे झाले. तक्रारी बंद पडल्या. मास्तरांना वाटलं, आपली यंत्रं अगदी ठणठणीत आहेत.

पुढे टाइपरायटर गेले, संगणक आले. मास्तरांनी दहा घेतले. तेही बघता बघता जुने झाले. त्यातच रस्त्यापलीकडे शैलजा घुगे हिने नव्या संगणकांचा क्लास काढला. शैलजा ही मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. त्या दिवसापासून मास्तरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. सहा वर्षं झाली. सकाळी दोघं आपापलं शटर वर करायचे, तेव्हा मास्तर आभाळाकडे बघायचे.

यंदा परीक्षेला बसणाऱ्या मास्तरांच्या तेवीस विद्यार्थ्यांत एक होती वैजयंता सोनकांबळे. वय बत्तीस. तिचा नवरा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून होता, अपघातात गेला. त्याच्या जागी अनुकंपेवर तिला घेतलं. पण अट अशी की ठरल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाही झाली तर नोकरी गेली. मुदत संपत आलेली, आणि येणारी परीक्षा शेवटची. घरात दोन लेकरं आणि म्हातारी सासू. चौघांचं ताट त्या दहा बोटांवर.

बिचारी स्वयंपाक उरकून सकाळी साडेसहाला क्लासच्या पायरीवर हजर असायची. छत्तीस शब्दांपर्यंत हात नेला होता तिने. मास्तर तोंडाने कौतुक करायचे नाहीत, पण तिच्या मागे उभं राहून बटणांचा आवाज ऐकत राहायचे. पडद्याकडे ते कधी बघतच नसत. बोटं कशी चालतात ते त्यांना कानाने कळायचं.

मास्तरांचा क्लास हे परीक्षेचं केंद्रही होतं. परीक्षेला महिना राहिला आणि परीक्षा मंडळाचं पत्र आलं. यंदा परीक्षेचं सॉफ्टवेअर नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालेल. सोबत यादी. यंत्राला मेमरी इतकी हवी, प्रोसेसर अमक्या सालानंतरचा हवा, डिस्कवर जागा इतकी हवी. खाली छापील ओळ, 'आमची यंत्रे वरील यादीप्रमाणे आहेत', आणि सहीची जागा. तशी नसतील तर येत्या शनिवारपर्यंत कळवा, विद्यार्थ्यांची सोय गावातल्या दुसऱ्या केंद्रावर होईल. दुसरं केंद्र म्हणजे कुठलं? रस्त्यापलीकडचं! गावात तिसरं होतंच कुठं?

मास्तरांनी भाच्याला बोलावून घेतलं. हा निरंजन जिल्ह्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं काम करायचा. त्याने पहिल्या यंत्रावर नवी सिस्टीम चढवायला घेतली. यंत्राने आधी स्वतःलाच तपासलं आणि पडद्यावर सरळ लिहून दाखवलं, 'हे यंत्र या सिस्टीमसाठी योग्य नाही.' दुसऱ्याने तेच सांगितलं. दहाच्या दहांनी तेच.

"मामा, यांना नाही पेलवणार," निरंजन म्हणाला. "मेमरी निम्मीसुद्धा नाही."

"म्हणजे सिस्टीम चढतच नाही?"

"चढते. ही तपासणी बंद करून टाकली की मुकाट्याने चढते. पण मामा..."

"मग कर बंद. यंत्र कधीपासून मास्तरांना शिकवायला लागलं?"

"बघा हं. चढणं वेगळं आणि चालणं वेगळं."

पण मास्तरांच्या डोळ्यांपुढे ते समोरचं शटर होतं. चाळीस वर्षांत आपला एक विद्यार्थी दुसऱ्याच्या दारात पाठवला नाही, तो आता पाठवू? निरंजनने तपासणी बंद केली. दहाही यंत्रांवर नवी कोरी सिस्टीम बसली. रंग काय, चित्रं काय! मास्तर खूश झाले. सही तेवढी शनिवारी करायची ठेवली.

दुसऱ्या दिवशी वैजयंता नेहमीच्या चार नंबरच्या यंत्रावर बसली. मास्तर मागे उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. टकटक, टकटक, आणि मग गप्प. पुन्हा टकटक, पुन्हा गप्प.

"बोटं का अडखळताहेत तुमची?"

"चुकलं सर," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. शुक्रवारी सराव परीक्षा झाली. छत्तीसवरून वैजयंता चोवीसवर आलेली. मास्तरांचा पारा चढला. सगळ्या वर्गासमोर ते बोलून गेले, "चोवीस! वैजयंताबाई, परीक्षा तोंडावर आली आणि तुमचं लक्ष कुठं आहे? नोकरी टिकवायची नाही का तुम्हाला?"

अरेरे! बोलू नये ते बोलून गेला माणूस. वैजयंताने एकदा भिंतीवरच्या तांबड्या अक्षरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सराव वाढवते सर," एवढंच ती म्हणाली.

वर्ग सुटला. मास्तर सगळ्यांच्या वेगाचा तक्ता वाचत बसले. बघतात तर काय, प्रत्येकाचे दहा-बारा शब्द कमी झालेले! आता एखाद्याचा हात जड झाला तर समजू. तेवीस माणसांचे हात एकाच आठवड्यात जड होतात होय?

ते उठले आणि चार नंबरच्या यंत्रापुढे जाऊन बसले. चष्मा लावला. एक ओळ सपासप टाइप केली आणि हात वर उचलले. हात हवेत, आणि पडद्यावर अक्षरं अजून उमटतच होती! एकेक करून, धापा टाकत. शेवटची दोन तर आलीच नाहीत.

वैजयंता दाराशी चपला घालत होती.

"वैजयंताबाई, इकडे या. हे तुम्हाला दिसत होतं?"

"हो सर."

"मग थांबत का होतात?"

"तुम्हीच शिकवलंत ना सर? यंत्राचा दम ओळखून हात चालवा म्हणून. त्याला धाप लागत होती, म्हणून मी थांबत होते."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

तिने नुसतं भिंतीकडे पाहिलं.

ती गेली तरी मास्तर खुर्चीतून उठले नाहीत. यंत्राने आठवड्याच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, मला पेलवत नाही. त्याचं तोंड आपण बंद केलं. ही बाईही सांगू शकली असती. तिचं तोंड तर ती इथे येण्याआधीच आपण भिंतीवर लिहून बंद केलेलं. आणि उद्या त्या कागदावर सही केली, तर यंत्राचं काय जाणार होतं? काही नाही. मास्तरांचं? तेही काही नाही. जाणार होतं ते हिच्या लेकरांच्या ताटातलं. त्या विचाराने मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी गावाने एक नवल पाहिलं. मास्तर रस्ता ओलांडून समोर गेले. रस्ता तो केवढा, वीस पावलांचा! पण दोनदा थांबले. शैलजा त्यांना बघून सवयीने उभीच राहिली. जुन्या विद्यार्थिनीसारखी पाठ सरळ.

मास्तर एका दमात म्हणाले, "शैलजा, माझी यंत्रं पेलत नाहीत. माझी तेवीस माणसं तुझ्याकडे बसवून घेशील?"

सहा वर्षांचा अबोला होता. तिला काहीही बोलता आलं असतं. तिने खुर्ची पुढे केली.

"सर, हा क्लास वर्षभर टिकणार नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं. चुकलं माझं."

"मग चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही," शैलजा म्हणाली आणि हसली. "आणि माणसं नुसती परीक्षेपुरती नका पाठवू. नव्या यंत्रांवर हात बसायला हवा. सकाळची वेळ मी मोकळी करते. शिकवायला मात्र तुम्हीच या."

मास्तरांनी तिथेच खिशातून तो कागद काढला. छापील ओळ खोडली. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'एकही यंत्र यादीप्रमाणे नाही.' आणि खाली झोकदार सही केली. बाजारात चार टवाळ हसले. टवाळांना काय, ते हसायला टपलेलेच असतात.

सोमवारी सकाळी समोरच्या क्लासमध्ये तेवीस जण बसले होते. मास्तर मधोमध उभे राहिले. "शुक्रवारी मी वैजयंताबाईंना सगळ्यांसमोर बोललो," ते म्हणाले, "म्हणून हेही सगळ्यांसमोरच सांगतो. दोष तुमच्या हाताचा नव्हता. माझा होता." वैजयंताने पदर डोळ्यांना लावला. मग हात कळफलकावर ठेवले आणि अशी सुटली म्हणता! टकटक, टकटक, मध्ये कुठे गप्प नाहीच. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले.

परीक्षेत तिने अडतीस शब्दांचा वेग गाठला. नोकरी टिकली. पेढ्यांचे दोन पुडे घेऊन आली, एक रस्त्याच्या अलीकडे, एक पलीकडे.

आणि त्या दहा जुन्या यंत्रांचं काय झालं? मास्तरांनी ती मोडीत काढली नाहीत. त्यांची जुनी सिस्टीम त्यांना परत दिली आणि नवशिक्यांना त्यांच्यापुढे बसवलं. नवशिका मिनिटाला आठ शब्द काढणार. तेवढ्याला ती अजून खणखणीत होती.

भिंतीवरची तांबडी अक्षरंही मास्तरांनी चुना लावून पुसली. तिथे नवीन लिहिलं, 'झेपत नसेल तर आधी सांगा.' दोन दिवस कुणी काही बोललं नाही. इतक्या वर्षांची दहशत, ती काय एका चुन्याने जाते? तिसऱ्या दिवशी मागच्या ओळीतल्या एका धिप्पाड, मिशाळ हवालदाराने घाबरत घाबरत हात वर केला.

"सर, रागावणार नसाल तर सांगतो. हे 'र'चं बटण पाच-सहा वेळा दाबावं लागतं."

"केव्हापासून?"

"मी आलो तेव्हापासून सर. जूनपासून."

दिवाळी उलटून गेली होती. मास्तर खाली वाकले. बटण अलगद काढलं, आत फुंकर मारली, पुन्हा बसवलं. "बघा बरं आता." हवालदाराने दाबलं. एकदाच दाबलं, 'र' उमटला. एवढा मोठा गडी लहान मुलासारखा हसला. मास्तरही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. एका फुंकरीचं काम, आणि माणूस पाच महिने गप्प बसला होता.

तात्पर्य: 'मला झेपत नाही' असं खरं सांगणाऱ्याचं तोंड बंद केल्याने ओझं हलकं होत नाही, ते मुकाट्याने सोसणाऱ्याच्या खांद्यावर जाऊन पडतं. म्हणून भार टाकण्याआधी विचारावं, आणि 'नाही' असं उत्तर आलं तर ते ऐकावं.