हातभर मासा

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराआडच्या एका गावात तळे होते, आणि तळ्याला राखणदार होता. राखणदारी त्याच्या घरात सात पिढ्यांची. पण गावाची एक रीत होती. दरवर्षी जत्रेला राखणदाराने तळ्यातला एक मासा जळदेवीच्या पायरीवर ठेवायचा. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत भरला तर ठीक, नाहीतर राखणदारीचे जाळे दुसऱ्या घरी जायचे.

माणूस कामसू होता, फक्त स्वतःच्या शहाणपणावर त्याचा फार भरवसा. एकदा त्याने पाहिले, मरळ मासा दबा धरून दुसऱ्या माशांची पिल्ले मटकावतो आहे. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने तळ्यातला एकूण एक मरळ पकडून संपवला.

त्याची म्हातारी आत्या काठावर जाळे विणत होती. ती म्हणाली, "बाबा, चार तरी राहू दे. खानारं तोंड बी तळ्याचंच हाय."

"आत्या, तू जाळं विण," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी पाण्यात हात घातला तरी मासा लागे. गाव वाहवा करी, राखणदार मिशीला पीळ देई. जत्रेला जुना, मोठा मासा मिळाला. दुसऱ्या वर्षी मासा जेमतेम भरला. राखणदाराने बोटे जरा दुमडली, आणि देवीने पाहून न पाहिल्यासारखे केले.

तिसऱ्या वर्षी जाळे इतके जड झाले, की चौघांनी ओढले. आत हजारो मासे होते. सगळे बोटाएवढे, डोके मोठे अन् अंग वाळलेले. राखणदाराच्या तोंडचे पाणी पळाले.

"असं कसं झालं गं आत्या?"

"चार भाकरी अन् शंभर तोंडं. पोट कुनाचं भरंल?"

त्याने बोटाएवढा मासा पायरीवर ठेवला. जाळे दुसऱ्या घरी गेले.

त्याला फार लाज वाटली. तरी तो शेजारगावी गेला, हात जोडून दोन जोड्या मरळ मागितले, डोक्यावरच्या घागरीतून आणून तळ्यात सोडले.

चौथ्या जत्रेला पायरीवर पुन्हा हातभर मासा आला. ठेवणारा हात दुसऱ्याचा होता. जुना राखणदार गर्दीत मागे उभा होता. त्याने आपला कोपर वाकवला, लांबूनच माप घेतले, आणि घरी गेला.

लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: चोर समजून ज्याला हाकलतो, कधी कधी तोच आपले घर राखत असतो.