बावनकशीचा अर्थ

“पण बावनच का? पन्नास का नाहीत?”

त्र्यंबकशास्त्र्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. ‘बावनकशी’ या एका शब्दापाशी त्यांचा शब्दकोश महिनाभर अडून बसला होता.

पोतदारबाबा जन्मभर सोनं पारखून आता नदीकाठच्या मठीत राहत. त्यांनी सावकाश सुपारी कातरली.

“कस म्हणजे सोन्याचा दर्जा. दगडावर घासून ठरवायचा. बावन म्हणजे सगळ्यांत वरचा, एवढं बापानं सांगितलं. बावनच का, ते त्यालाही माहीत नव्हतं.”

“म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही.”

“नाही.”

शास्त्र्यांना वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आणखी एकजण त्यांच्या परीक्षेत नापास झाला होता. धाकटा भाऊ एकदा खोटं बोलला, त्याचं तोंड पाहणं त्यांनी सोडलं. मित्रांना एकेक करून नावं ठेवली, तेही यायचे बंद झाले. बायको माहेरी गेली ती नऊ वर्षांत परतली नाही. आता घरात वाद घालायलाही कुणी उरलं नव्हतं, आणि वादाशिवाय शास्त्र्यांना जेवण गोड लागत नसे.

बाबांनी कसोटीचा काळा दगड पुढे सरकवला.

“बोटातली अंगठी घासा यावर.”

शास्त्र्यांनी ती काढून घासली. पिवळी रेघ उमटली.

“किती कस?”

शास्त्र्यांनी दगड उजेडाला धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला.

“…सांगता येत नाही.”

“मलाही येत नाही. चाळीस वर्षं हेच केलं, पण नुसत्या एका रेघेवरून कधी सांगता आलं नाही. माहितीतल्या सोन्याची दुसरी रेघ तिच्या शेजारी ओढावी लागते. मग दिसतं.”

शास्त्र्यांनी उघडी वही मिटली.



“बाबा, शब्दाचं राहू द्या. मी कुणाला नकोसा झालो असेन. पण माणूस म्हणून मी बावनकशी आहे ना?”

बाबा ‘हो’ म्हणाले असते, तर एकट्यानं काढलेली सगळी वर्षं सार्थकी लागली असती. शास्त्री त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

बाबांनी दगडाशेजारची अंगठी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

“कुणाच्या शेजारी?”