ओंजळाईच्या पाण्याची कहाणी

ऐका ओंजळाई, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं. नगराएवढं मोठं नव्हतं, पण शाळा होती. तिथं एक शिंपी होता. त्याची मुलगी कालिंदी. तिची शाळा संपली, निकाल लागला, पेढे वाटले. मग जो भेटे तो विचारी, "कालिंदे, आता पुढं काय?" पाणवठ्यावर विचारी, दुकानात विचारी, देवळात विचारी. मुलीला घास गिळवेना, बाहेर जाववेना.

आई म्हणाली, "बाळे, ओंजळाईचा वसा घे. न्हावं, धुवावं, ओंजळीत पाणी घ्यावं. पुढं काय करीन ते देवीला सांगावं, मग पाणी ताम्हनात सोडावं. उतू नये, मातू नये, दुसऱ्याचा वसा आपला म्हणू नये." शेवटचं तेवढं मुलीनं ऐकलं नाही. काळजीत कान कुठे जागेवर असतात?

पहिल्या दिवशी ओंजळ भरली. बाप मशीनवरून म्हणाला, "इंजिनीअर होईन म्हण." ती म्हणू गेली, पाणी बोटांतून गळून गेलं. दुसऱ्या दिवशी ओंजळ भरली. आत्या म्हणाली, "बँकेत लागेन म्हण, सावलीतली नोकरी." ती म्हणू गेली, पाणी गळून गेलं. तिसऱ्या दिवशी काका म्हणाला, "मास्तरीण होईन म्हण, सुट्ट्या असतात." तेही गळून गेलं. ताम्हन कोरडंच. कॉलेजचे प्रवेश उद्या बंद व्हायचे. मुलगी भ्याली, पायरीवर बसून रडू लागली.

इतक्यात एक म्हातारी आली. बरोबर शेळी, ती लंगडत होती. मुलीनं डोळे पुसले, शेळीचा खूर मांडीवर घेतला, काटा काढला. मग ओंजळ भरून पाणी धरलं. शेळी सावकाश प्यायली. थेंब गळला नाही.

म्हातारी म्हणाली, "मुली मुली, आता कसं नाही गळलं?"

"आजी, ती तहानली होती. मला दुसरं काही सुचलंच नाही."

"मग तेच देवीला सांग."

"बाबा रागावले तर? मला जमलंच नाही तर?"

"भय असू दे. भ्यालेल्या हातानंही पाणी सोडता येतं."

मुलगी उठली, आत गेली. ओंजळ भरली. ती म्हणाली, "मी गुरांचं डॉक्टरपण शिकेन." पाणी ताम्हनात पडलं. बापाचं मशीन थांबलं. मुलगी पायरीवर आली, तो म्हातारी नाही, शेळी नाही.

सकाळी ती प्रवेश घ्यायला निघाली. पाहते तो पिशवीचा उसवलेला बंद कुणी दुहेरी टीप घालून शिवलेला. फळ मिळालं का, म्हणून विचारू नका बायांनो, ती आत्ताच गेली आहे. भय आहेच.

तिची ओंजळ जशी धरली, तशी तुमच्याआमच्या लेकरांची धरो. ही गावाच्या साठां उत्तरांची कहाणी, लेकीच्या एका उत्तरी सुफळ संपूर्ण.