उलटी बाजू नसलेली फीत

“जिला उलटी बाजूच नाही अशी फीत उद्या दरबारात आण! आणलीस, तर गणिताच्या अध्यापकाची जागा तुझी. नाहीतर पुन्हा विद्यापीठात पाऊल टाकायचं नाही!”

जर्मनीतल्या एका चिमुकल्या राज्याचा राजा लेबरेख्त अडूनच बसला. समोर ती जागा मागायला उभी होती ओटिली, एका विणकराची लेक. भल्याभल्यांना न सुटणारी गणितं ती सोडवायची. विद्यापीठात शिकवायचीही तीच. पण अध्यापक म्हणून मिरवायचा राजाचा भाचा कास्पर!

“बाईने शिकवलेलं कुणी ऐकून घेईल का?” राजा गुरकावला.

“कास्परसाहेबांचे विद्यार्थी रोज ऐकतात की, महाराज!”

दरबारी गालातल्या गालात हसले. राजा आणखीच चिडला.

दुसऱ्या दिवशी ओटिली साधी पांढरी फीत घेऊन आली.

“हिला तर दोन बाजू आहेत!” राजा खूश.

“जरा थांबा, महाराज.” तिने एका टोकाला अर्धा पीळ दिला आणि ते दुसऱ्या टोकाला शिवून फितीचं कडं केलं. मग राजाच्या हाती कोळसा ठेवला. “सुलट बाजूवर मधोमध रेघ ओढा. कोळसा उचलायचा नाही, काठ ओलांडायचा नाही. जी कोरी राहील ती उलटी!”

राजा रेघ ओढत गेला, ओढत गेला, आणि निघाला तिथेच परत आला. पाहतो तो काय! आत रेघ, बाहेर रेघ. कोरी बाजू कुठेच नाही.

“उलटी बाजू गेली कुठे?”

“नव्हतीच, महाराज!”

राजा हरला. पण शेजारी कास्परला घेऊन त्याची आई, म्हणजे राजाची थोरली बहीण, डोळे वटारून बसली होती. राजाने घसा खाकरला. “जागा तुझी. पण... अर्धी कास्परची.”

म्हणजे पुन्हा राबायचं ओटिलीने आणि मान त्याला! तिने राजाच्या हातून कडं परत घेतलं.

“बरं, महाराज. हे कडं म्हणजे ती जागा समजा. कास्परसाहेबांनी रेघेवरून कापावं. दोन कडी झाली, तर एक त्यांचं. एकच राहिलं, तर सगळी जागा माझी. कबूल?”

“कबूल!” कास्परनेच ओरडून ओटिलीची कात्री उचलली. “मधोमध कापल्यावर एक कसं राहील?”

कचकच कापत तो शेवटापर्यंत गेला आणि ऐटीत दोन्ही हात फाकवले. हातात एकच कडं, पहिल्यापेक्षा दुप्पट लांब!

“वाटणी कुठली, महाराज?” ओटिली म्हणाली. “कास्परसाहेबांनी तर माझी जागा दुप्पट करून दिली!”

राजा पोट धरधरून हसला. डोळे पुसत बहिणीला म्हणाला, “ऐकलंस, ताई? तुझ्या पोराने जन्मात पहिल्यांदा काहीतरी काम केलं!”

आणि दुप्पट म्हणजे दुप्पट! ओटिलीला त्याने गणिताची अध्यापक तर केलंच, वर अख्ख्या विद्यापीठाची प्रमुखही करून टाकलं.