उजव्या चाकाचं टोपण

ट्रॅक्टर गावात नवे होते आणि चाकं अजून बोलत होती, तेव्हाची गोष्ट. बाहेरगावाहून विकत आणलेल्या एका म्हाताऱ्या ट्रॉलीच्या उजव्या चाकाचं टोपण वाटेत हरवलं आणि बेअरिंगमध्ये धूळ जाऊन ते चाक कण्हू लागलं.

"माझ्याच मापाचं आणा, आम्ही जुळी आहोत," डावं चाक म्हणालं. मालक शिवाप्पांनी तसंच टोपण आणून बसवलं. पहिल्याच ओढ्यात ते निखळून पडलं.

"आता तरी माझं तोंड मापा!" उजवं चाक कळवळलं. माप जवभर मोठं निघालं, कारण ते चाक मागाहून दुसऱ्या ट्रॉलीचं आणून बसवलेलं होतं. त्या मापाचं टोपण ठोकताच घट्ट बसलं.

"म्हणजे आपण जुळी नाही?" डावं चाक हिरमुसलं.

"नसलो तर नसलो," उजवं चाक सुखानं फिरत म्हणालं, "ओझं तर एकच वाहतोय ना!"